मसाला आणायला मेहकरला

गल्लीत कुणीतरी मिरच्या भाजायला घेतल्या आहेत. सकाळपासून येणारा-जाणारा खोकतो आहे, समोरची म्हातारी शिंकून शिंकून बेजार झाली आहे, पण तक्रार कुणाचीच नाही. चैत्र-वैशाखात आमच्याकडे सगळं गावच खोकत असतं. गच्च्यांवर कुरडया, बाजांवर पापड, जुन्या लुगड्यांवर लाल मिरच्या. वरून कडुलिंबाचा मोहोर झडतो आणि नेमका वाळवणात पडतो. तो वेचायचं काम घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असतं. मी आता त्या कामाची झाले आहे. काल मिरच्यांतून तो बारीक पांढरा मोहोर वेचता वेचता एकाएकी वाटलं, मेहकरला जायला हवं. कुणी सांगितलं नव्हतं. डब्यात जुना मसालाही शिल्लक होता. तरी वाटलं.

तसं पाहिलं तर आता कशासाठी कुठं जावं लागत नाही. आमच्या गावाला लागूनच साखरखेर्डा आहे, तिथल्या बाजारात सगळं मिळतं. दगडफूल मिळतं, शहाजिरं मिळतं, छापील पाकिटातला तयार मसालाही मिळतो. सून मोबाइलवर बोट फिरवते आणि तिसऱ्या दिवशी खोक्यातून जायपत्री दारात येते. पण माझ्या पायांना जुनी सवय आहे. माणसं देवाला जातात तशी मी दुकानांना गेलेली आहे.

चिखलीला धान्यबाजाराच्या मागं तुरीच्या डाळीचं एक दुकान होतं. तिथली डाळ मुठीत घेतली की थंड लागायची आणि शिजली की तिचा वास शेजारी जायचा. चिखलीहून मेहकरला येताना रस्त्याला लागून एक तेलाचा घाणा होता. करडईचं तेल डब्यात पडताना त्याचा रंग उन्हात मधासारखा दिसायचा, आणि घाणेवाली बाई पेंडीचा गरम तुकडा हातावर ठेवायची. घाणा बंद झाला. डाळीच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मेहकरचं रहीमचाचांचं मसाल्याचं दुकान तेवढं उरलं.

उतारावरच्या बाजारात, दोन कापडदुकानांच्या मधे दबलेलं ते दुकान बाहेरून एका माणसाच्या रुंदीचं वाटतं. आत शिरलं की मात्र ते लांबच लांब जातं. उन्हातून आत गेल्यावर आधी काही दिसत नाही, फक्त वास येतो. मग हळूहळू पोती दिसायला लागतात, मग बरण्या, मग गादीवर बसलेले चाचा. लवंग मागितली की ते आधी तागडीला हात लावत नसत. दोन दाणे बोटांत चुरडायचे आणि हात पुढं करायचे. “आधी वास घ्या बाई, मंग बोला.” दुकानाच्या मागच्या दारानं बाहेर पडलं की एक छोटं आवार. तिथं बदामाच्या झाडाखाली चाचांच्या घरच्या बाया धणे पाखडत बसायच्या, आणि भिंतीशी एक लाकडी बाकडं होतं. सामान बांधून होईपर्यंत गिऱ्हाइकांच्या बायकांनी तिथं टेकावं म्हणून.

त्या बाकड्यावर मला पहिल्यांदा नेऊन बसवलं ते आक्कांनी.

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. माझं लग्न झालं तेव्हा घर एकत्र होतं. मला आई नव्हती. वडिलांनी आणि काकूनं वाढवलेलं. भाकरी थापता यायची, पण वर्षाचा मसाला हा प्रकार मी कधी पाहिलेला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात आक्कांनी मला बसमधे घातलं. खिडकीचे गज तापलेले, बाहेर नांगरलेली काळी रानं, आणि शेजारी आक्का: उंच, हाडापेरानं मोठ्या, पदर कमरेला खोचलेल्या. “वास ध्यानात ठेव,” त्या म्हणाल्या. “नाव भुललीस तं चालते. वास भुलू नको.” त्या दिवशी मी पंधरा वास नाकात भरून घेतले आणि घरी येईपर्यंत त्यातले अर्धे विसरले. आक्का बसमधे हसत होत्या. त्यांचं हसणं मोठं होतं, कंडक्टर मागं वळून पाहायचा.

मग बरीच वर्षं आम्ही दोघी तशाच जात राहिलो. सासूबाई होत्या तोवर घर बांधलेलं होतं. त्या गेल्या आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत बिनसलं. एका दुपारी शब्दाला शब्द लागला. दादा, म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, काही तरी बोलले. ह्यांनी त्याहून वाईट काही तरी बोलून दाखवलं. ते शब्द आज कुणाला नीट आठवतही नसतील. पण पावसाळ्याच्या आत घराच्या आणि अंगणाच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली. इकडं आमची चूल, तिकडं त्यांची.

“तिकडलं नाव या घरात काढायचं नाही,” हे म्हणाले. तिकडं दादांनीही तेच सांगितलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी मी पाण्याला निघाले आणि आक्का समोरून आल्या, तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मीही घातली. इतक्या जवळून आम्ही एकमेकींना ओलांडून गेलो की त्यांच्या बांगड्यांचा आवाज माझ्या कानाला लागला.

ते वर्ष कसं गेलं ते मला सांगता येत नाही. पलीकडं दळण चाललं की कळायचं. पलीकडं फोडणी पडली की कळायचं. आक्का खोकल्या, आक्का हसल्या, आक्कांनी म्हशीला शिवी दिली, सगळं कळायचं. एकट्या माणसाला निदान शांतता तरी असते. मला तीही नव्हती. आपलं माणूस हातभर अंतरावर आहे आणि आपण त्याला हाक मारायची नाही, या एकटेपणाला काही तोडच नव्हती.

मग चैत्र आला. मिरच्या वाळल्या. मी एकटीच पिशव्या घेऊन मेहकरच्या बसमधे बसले. वाटेत मनाशी घोकत होते, काय काय घ्यायचं. दुकानात शिरले. चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि नेहमीसारखं काही विचारलं नाही. नुसतं मागच्या दाराकडं बोट केलं.

“जा, मागं जाऊन बसा बाई.”

मागं गेले. बाकड्यावर आक्का बसल्या होत्या. मांडीवर रिकाम्या पिशव्या, डोक्यावर पदर.

“आली?” एवढंच त्या म्हणाल्या.

मी दारातच थांबले. “आक्का, तुमी इथं?”

“माहेरी आली होती. चिखलीहून बसलं का हे घ्या मेहकर. मसाला न्यायले नको का मले?” मग बाकड्यावर जागा करत म्हणाल्या, “बस वो. इथं कोण्या भावाची भिंत नाही.”

मी बसले. आम्ही दोघी धणे पाखडणाऱ्या बायांकडं पाहत राहिलो. एवढं बोलायचं साठलेलं होतं, आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. शेवटी आक्काच म्हणाल्या, “पोरीचा खोकला गेला का पुरता?”

हिवाळ्यात माझी धाकटी आजारी होती. सगळे उपाय झाले होते. “तुमाले कसं माहीत?”

“माह्या उशापाशीच खोकत होतं थे लेकरू. भिंत मातीची हाये शोभा, कितीक अडवन?” त्यांनी पदर सारखा केला. “मी इकडून अडुळसा उकळत ठेवला होता चुलीवर. दिवसभर उकळला. म्हटलं, आपल्याले बोलता येत नाही, निदान वास तरी जाईन. वासानं तरी तुले सुचन.”

मला खरोखर त्याच वासानं सुचलं होतं. हिवाळ्यातल्या त्या दिवशी मी परड्यात जाऊन अडुळशाची पानं तोडून आणली होती, काढा केला होता, पोरीला पाजला होता. हे मला आपोआप आठवलं असंच मी समजत होते. बाकड्यावर बसून मी रडायला लागले. आक्कांनी पदरानं माझं तोंड पुसलं, जोरात, लहान पोराचं पुसतात तसं. चाचांच्या घरातून न सांगता चहा आला. कपाला मसाल्याचाच वास होता.

तेव्हापासून दर चैत्रात आम्ही मेहकरला भेटत राहिलो. दिवस ठरवायची आक्कांची रीत होती. त्या अंगणात म्हशीजवळ उभ्या राहायच्या आणि तिला मोठ्यानं सांगायच्या, “बाप्पा, माहेरी जाऊन राह्यली मी. येत्या बुधवारी मेहकर करतो. तोवर नीट दूध देजो बरं का.” म्हैस रवंथ करत असायची. इकडं मी भांडी घासता घासता ऐकायचे, आणि कळलं म्हणून पातेलं दोनदा आपटायचे. एकदा आक्कांना सर्दी होती, आवाज बसलेला, तर त्यांनी तेच वाक्य म्हशीला तीन वेळा सांगितलं. मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडात धरला होता.

एक दिवस, त्यात बसचा वेळ वजा. उरलेल्या दिवसात वर्ष बसवायचं. कुणाचं बाळंतपण, कुणाची सोयरीक, कुठली गाय व्याली, गुडघे दुखतात का, रात्रीची झोप लागते का. माझ्या थोरलीच्या लग्नाला आक्कांना येता आलं नाही. मांडव आमच्या दारात, वाजंत्री त्यांच्या कानाशी, आणि त्या घरात दार लावून बसलेल्या. पुढच्या चैत्रात त्या म्हणाल्या, “आता सांग मले सगळं. हळदीपासून सांग.” मी हळदीपासून सांगितलं. शालूचा रंग सांगितला, पंगतीत काय होतं ते सांगितलं, वरण कुणी केलं, पोरगी निघताना कुणाच्या गळ्यात पडून रडली तेही सांगितलं. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, “वरणात हिंग कमी झाला होता. मले वासावरून समजलं.”

मसाला आम्ही घ्यायचोच. पण दोघींचा सारखाच. एकाच पोत्यातले धणे, एकाच बरणीतलं दगडफूल. घरी जाऊन दोघी आपापल्या बाजूला भाजायचो, आणि त्या दिवशी भिंतीच्या दोन्हीकडून एकच वास उठायचा. अंगणात उभं राहिलं तर तो कुठल्या घरचा ते ओळखू येत नसे.

आक्का गेल्या त्या पौषात. आजार मोठा नव्हता, त्यांनीच अंगावर काढला होता. दुपारी पलीकडं बायांचा आवाज चढला आणि मला कळलं. हे तेव्हा ओसरीवर बसले होते. मी विचारलं नाही, त्यांनी अडवलं नाही. भिंतीला वळसा घालून मी कितीतरी वर्षांनी त्या दारातून आत गेले. आक्कांना खाली घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या फळीवर मसाल्याचा डबा होता, त्याला फडकं बांधलेलं. मी त्यांच्या पायाशी बसले. आजूबाजूच्या बाया आपापसात कुजबुजत होत्या की भांडण होतं तरी धाकटी जाऊ किती रडते पाहा. त्यांना काय माहीत.

ह्यांनी खांदा दिला. दादांच्या मागं उभं राहून दिला. घरी आले, आंघोळ केली, ताटावर बसले आणि न जेवता उठले. भावांमधे शब्द मात्र झाला नाही.

त्यानंतरच्या चैत्रात मी मेहकरला जायचं नाही असंच ठरवलं होतं. मग मिरच्या वाळल्या, आणि मी गेले. चाचांनी मागच्या दाराकडं बोट केलं नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं. गादीसमोर एक उंच, वाकलेला माणूस हातात पिशवी घेऊन उभा होता आणि चाचांना म्हणत होता, “मसाला पायजे. नेहमीचा.”

“नेहमीचा म्हणजे कोण्या घरचा, भाऊ?”

तो माणूस पिशवी या हातातून त्या हातात करू लागला. ते दादा होते.

मी पदर पुढं ओढला. परत फिरावं असं वाटलं. पण दादा तिथं असे उभे होते, एवढ्या बरण्यांसमोर, की कुठल्या बरणीकडं पाहावं तेही त्यांना कळत नव्हतं. मी पुढं झाले आणि चाचांना म्हणाले, “धणे द्या. मंग खसखस, दगडफूल, शहाजिरं, नाकेश्वर…” मी सांगत गेले, चाचा काढत गेले. दादांनी माझ्याकडं वळून पाहिलं नाही, पण पिशवी त्यांनी गादीवर ठेवली.

“किती देऊ?” चाचांनी विचारलं.

“थोडा,” दादा म्हणाले. “पोरगं नाशिकले राह्यते. मी एकटाच खाणारा.”

चाचांनी मोठी तागडी बाजूला सारली. जायपत्री आणि केशर तोलायचा छोटा काटा काढला. त्या काट्यात धणे तोलताना मी आयुष्यात पाहिले नव्हते. एका माणसाचा वर्षाचा मसाला. पुडी एवढीशी झाली. मला आठवत होतं की आक्का एकेकाळी याच दुकानातून दोन पिशव्या भरून न्यायच्या आणि तरी फाल्गुनात कमी पडायचा.

“भाजून कोण देईन?” चाचांनी सहज विचारलं. दादांनी गादीवरच्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग चाचा घरात आवाज देऊन म्हणाले, “चूल पेटवा जरा. कढई ठेवा.” आणि दादांना म्हणाले, “बसा भाऊ मागं, बाकड्यावर. दरसाल ह्या दोघी बहिणी तिथंच बसत.”

दादा जागच्या जागी थांबले. “कोण्या दोघी?”

चाचांच्या लक्षात आलं की बोलू नये ते बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता लपवण्यात काय होतं?

“आक्का अन् मी,” मी म्हणाले. कितीतरी वर्षांनी मी दादांशी बोलत होते.

“दरसाल?”

“हाव.”

दादा मागं गेले आणि त्या बाकड्यावर बसले. मी आवारातल्या चुलीपाशी बसून मूठ मूठ मसाला भाजत होते. कढई मोठी होती, मसाला तळाला नुसता विखुरल्यासारखा दिसायचा, चटकन करपेल म्हणून सारखा हलवावा लागत होता. दादा झाडाकडं पाहत होते. मग हळूच म्हणाले, “माहेराहून आली का चार दिस खूश राहे. मले वाटे, माहेरचं पाणी मानवते.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “बरं झालं. तिले कोणी तरी होतं.”

चाचांनी शेजारच्या यंत्रावरून तो मसाला कांडून आणून दिला. दादांनी पुडी सदऱ्याच्या खिशात ठेवली. खिशातच मावली. निघताना ते दारात थांबले, माझ्याकडं न पाहता म्हणाले, “तुमी आधीच्या बसनं जा, बाई. मी मागून येतो.” गावात एकत्र उतरलेलं दिसायला नको, एवढंच. मी आधीच्या बसनं आले. संध्याकाळी पलीकडं कडी वाजली, मग स्टोव्हचा आवाज, मग फोडणी. हिंग जरा जास्त झाला होता.

गेल्या दिवाळीनंतर मुलगा येऊन दादांना नाशिकला घेऊन गेला. म्हैस विकली. आता पलीकडं कुलूप आहे. भिंतीपलीकडून काहीच येत नाही, खोकला नाही, वास नाही. पूर्वी मला वाटायचं, भिंतीसारखं वाईट काही नाही. आता त्या भिंतीला टेकून बसते तर ती नुसती गरम लागते, उन्हानं तापलेली.

तर काल मोहोर वेचता वेचता वाटलं, आणि आज मी मेहकरला जाऊन आले.

चाचा आता दुकानात रोज येत नाहीत. गादीवर त्यांचा मुलगा असतो. भला माणूस आहे. सामान बांधता बांधता म्हणाला, “काकू, एवढ्या उन्हात काऊन येता? फोन करून द्या, एस्टीत पार्सल टाकून देतो. कंडक्टर वळखीचा हाये.”

“हो,” मी म्हणाले. “सोयीचं होईल.”

मग मी विचारलं, मागं जरा बसू का. तो म्हणाला, बसा की, त्यात विचारायचं काय. आवारात आता फरशी घातली आहे. धणे मशीनवर निवडून येतात, त्यामुळं बाया नव्हत्या. बदामाचं झाड आहे. मी बाकड्याच्या एका कडेला बसले, आणि मग माझ्याच लक्षात आलं की मी कडेला बसले आहे, दुसरी जागा मोकळी सोडून. सरकून मधे बसायला हवं होतं. सरकले नाही. चहा आला, एकच कप. या वर्षाचं सगळं मनाशी जुळवून ठेवलेलं होतं: नातवाला दात आले, माझ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, धाकटीची बदली चिखलीला झाली. ते सगळं घेऊन मी बसून राहिले आणि बसची वेळ झाली तशी उठले.

परतीच्या बसमधे गर्दी नव्हती. पिशव्या मी शेजारच्या सीटवर ठेवल्या. कुणी मागितली असती जागा तर दिली असती. कुणी मागितली नाही.

गावाच्या फाट्यावर उतरले तर हे उभे होते. उन्हं कलली होती. इतक्या वर्षांत मला घ्यायला ते कधी फाट्यावर आलेले नाहीत. मी त्यांच्यापाशी गेले. ते रस्त्याकडं पाहत होते, बस गेली त्या बाजूला.

“मेहकरात कोणी भेटलं का?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडं पाहतच राहिले. हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. दर चैत्रात मी भरल्या पिशव्या आणि रडून सुजलेले डोळे घेऊन घरी यायचे, आणि ते म्हणायचे, पाणी घे, ऊन लागलं असेल. बस्स, एवढंच. आज कळलं की त्यांना ठाऊक होतं. विचारलं असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं, किंवा त्यांना रागवावं लागलं असतं. म्हणून ते विचारत नव्हते. आता विचारायला हरकत उरली नव्हती.

“नाही,” मी म्हणाले. “कोणीच नाही.”

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या, आणि आम्ही घराकडं चालू लागलो.